नेरूळच्या घरात विनाइल प्लँक फ्लोअरिंग, दोन पावसाळ्यांनंतर

मार्च २०२४ मध्ये आम्ही नेरूळच्या घरात हॉल, पॅसेज आणि सासूबाईंच्या बेडरूममध्ये एसपीसी विनाइल प्लँक, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या, एकमेकींत अडकणाऱ्या कडक विनाइल फळ्या, टाकलं. टाकल्या टाकल्या लिहिणार होते पण नवीन असताना सगळंच छान दिसतं, त्याला काही अर्थ नाही, म्हणून दोन पावसाळे जाऊ दिले.

आधी घर कसं आहे ते सांगते कारण कुठला माल घ्यायचा ते त्यावरच ठरतं. जुनी बिल्डिंग, २ बीएचके, तिसरा मजला. आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई, आणि मी घरीच ट्यूशन घेते त्यामुळे संध्याकाळी दोन बॅच मिळून २०-२२ मुलं हॉलमध्ये असतात. दप्तरं आपटणार, खुर्च्या ओढणार, पावसाळ्यात ओले पाय घेऊन थेट आत येणार, आणि मुलं आहेत, येणारच. खाली जुनी लादी होती, त्यातल्या पाच-सहा पोकळ झालेल्या, पॅसेजमधली एक कोपऱ्यातून वर आलेली, आणि आईंचा वॉकर रोज तिथेच अडकायचा. एकदा त्या पडता पडता वाचल्या. त्या रात्रीच मी नवऱ्याला सांगितलं की आता हे पुढे ढकलायचं नाही.

लादी फोडायची म्हणजे सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, ठरलेल्या वेळेतच ठोकाठोक, गोण्या भरून डेब्रिज खाली न्यायचं, घर दोन-तीन आठवडे बंद, आणि मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. जुन्या लादीवरच नवीन टाइल चिकटवायचा पर्याय होता पण टाइल अधिक खालचा मसाला धरून जाडी खूप वाढते, सगळे दरवाजे कापावे लागतात, शिवाय कडकपणा तोच, आईंच्या गुडघ्यांना काही आराम नाही आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना आमच्या खुर्च्यांचा आवाज तोच. वुडन लॅमिनेट सुंदर दिसतं, ते मला खूप आवडलं होतं, पण ठाण्याला मानपाड्याला माझ्या बहिणीने ते टाकलं होतं आणि बाल्कनीच्या दाराशी पावसाचं पाणी येऊन येऊन दुसऱ्याच वर्षी सांधे फुगले. लॅमिनेटच्या पोटात एचडीएफ असतं म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, तो एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि परत बसत नाही. एसपीसीच्या पोटात चुनखडीची पावडर आणि पीव्हीसी असतं, ते पाणी पीत नाही आणि त्याला वाळवीपण लागत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला वाळवीचा त्रास झालेला आहे त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी मोठा होता.

मग दुकानं. वाशी झालं, तुर्भे झालं, एका रविवारी बहिणीला घेऊन घोडबंदर रोडची दुकानंपण पालथी घातली. आणि इथे मी सगळ्यांना कळकळीने सांगेन की दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी पाठ करून जा, नाहीतर हमखास फसाल.

पहिली गोष्ट जाडी. दुकानदार ६ एमएम, ६ एमएम करत राहतो, आणि त्या ६ एमएममध्ये बहुतेक वेळा खालचा १ किंवा दीड एमएमचा फोमचा थर धरलेला असतो, म्हणजे खरी फळी साडेचार-पाच एमएमच. त्यात वाईट काही नाही, फोम पाहिजेच, पण मग दुसऱ्या दुकानातल्या ५ अधिक १ शी याची तुलना करताना हिशोब सारखा लावा. दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची, वेअर लेयर. फळीवर जे लाकूड दिसतं ते छापलेलं चित्र असतं, त्याच्यावर पारदर्शक थर असतो तो वेअर लेयर, आणि पाय, खुर्च्या, वाळू हे सगळं तो सहन करतो. तो झिजून खालचं चित्र गेलं की फळी गेली, लाकडासारखं घासून पॉलिश करता येत नाही. तर टिकाऊपणा विचारायचा तो या थराचा. हा थर कोणी एमएममध्ये सांगतं, कोणी मिलमध्ये, आणि मिल म्हणजे मिलिमीटर नाही, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. १२ मिल म्हणजे ०.३ एमएम, २० मिल म्हणजे ०.५ एमएम. एका दुकानात मला चक्क सांगितलं की मॅडम याचा वेअर लेयर १२ आहे, समोरच्याचा ०.५ आहे, बघा किती फरक आहे. फरक होता खरा, पण उलटा. तो माणूस मुद्दाम खोटं बोलत होता असं मला वाटत नाही, त्यालाच माहीत नव्हतं बहुतेक, पण पैसे आपले जातात.

बेडरूममध्ये फक्त झोपणं-उठणं असेल तर ०.३ चालून जाईल. आमच्यासारखा रोज पंचवीस-तीस माणसांचा राबता असेल, कुत्रा असेल, घरात क्लास किंवा क्लिनिक असेल, तर ०.५ च्या खाली जाऊ नका. बॉक्सवर वापराचा क्लास छापलेला असतो, २३ म्हणजे घरातला जास्तीचा वापर, ३२-३३ म्हणजे ऑफिस-दुकानाचा वापर. आम्ही ३३ वालं घेतलं. आणि नुसतं लक्झरी लिहिलंय म्हणून काही समजू नका, त्याच नावाखाली मला दीड-दोन एमएमची लवचिक चिकटवायची पट्टीपण दाखवली होती. ती गुळगुळीत सपाट कोब्यावर नीट बसते, आमच्या सांधेवाल्या लादीवर टाकली असती तर काही महिन्यांत प्रत्येक सांधा वर उमटला असता.

शेवटी वाशीच्या एका दुकानातून घेतलं, कारण तिथल्या दुकानदार काकांनी मी मागायच्या आधीच तीन फळ्या घरी न्यायला दिल्या, म्हणाले, "ताई, घरी नेऊन काय करायचंय ते करा आणि मग या." मी खरंच सगळं केलं. एक तुकडा दोन दिवस बादलीत बुडवून ठेवला, काठाला नख लावून बघितलं, काही फुगलं नाही. एकावर हळद आणि तेल कालवून रात्रभर ठेवलं. सकाळी भांड्याच्या साबणाने बरंचसं गेलं, खोबणीत पिवळी झाक राहिली होती ती खिडकीत उन्हात ठेवल्यावर दोन दिवसांत गेली, हळदीचा डाग उन्हाने उडतो हे आपल्याला कपड्यांवरून माहीत आहेच. किल्लीने ओरखडा काढला तर बारीक रेघ आली, जोर लावून काढला तर दिसणारी आली. स्क्रॅचप्रूफ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. क्लिक लॉकची, म्हणजे एक फळी दुसरीत अडकवायच्या खाचेची, जीभ हाताने वाकवून बघा हेपण काकांनीच सांगितलं, दुसऱ्या दुकानातल्या स्वस्त नमुन्याची जीभ माझ्या हाताने कडकन तुटली, याची नाही तुटली.

रंगाबाबत एकच सांगते. गडद आणि चकचकीत घेऊ नका. नवी मुंबईत कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच, सकाळी पुसलं की दुपारी धुळीचा थर, गडद रंगावर प्रत्येक पाऊल दिसतं. आम्ही मधला, मधासारखा ओक घेतला, मॅट, हाताला रेषा लागतात असा. आणि दुकानात दहा-बारा फळ्या जमिनीवर पसरून मागा, कारण स्वस्त मालात छापील डिझाइन मोजकीच असतात, तीच गाठ दर दोन फुटांवर परत दिसायला लागते आणि मग डोळ्यांना तेवढंच दिसतं.

हिशोब असा. तिन्ही जागा मिळून ३४० स्क्वेअर फूट. फळी १२२० बाय १८० एमएम, बॉक्समध्ये १०, म्हणजे बॉक्सला साधारण २३.६ फूट. वेस्टेजचे ८ टक्के धरून १६ बॉक्स घेतले. भाव १२८ रुपये फूट आणि वर १८ टक्के जीएसटी, फळ्यांचेच सत्तावन्न हजार झाले. मजुरी, लेव्हलिंग, स्कर्टिंग, दारातल्या पट्ट्या हे सगळं वेगळं, त्याचे आणखी चोवीस हजार गेले. भाव विचारताना या वरच्या गोष्टी धरून विचारा, नाहीतर फुटाचा आकडा ऐकून खूश होतो आणि बिल बघून धक्का बसतो. आणि हो, चुनखडीमुळे बॉक्स भयंकर जड असतात, एकेक वीस-बावीस किलोचा, आमच्या लिफ्टमधून चार फेऱ्या झाल्या. सगळे बॉक्स एकाच बॅच नंबरचे आहेत ना ते खालीच बघून घ्या, वर आल्यावर परत पाठवायला कोणी तयार होत नाही.

आता फिटिंग, आणि माझा खरा राग इथेच आहे. माल चांगला होता, काका चांगले होते, पण फिटिंगला जी टीम आली तिने घाई केली. बॉक्स आले की दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवायचे असतात, खोलीच्या तापमानाला यायला, तेवढं मी करून घेतलं. पोकळ लाद्या मिस्त्रीने आधी काढून भरून घेतल्या आणि खड्डे लेव्हलिंगच्या मसाल्याने सारखे केले, तेपण मी अडून बसले म्हणून, नाहीतर फिटर म्हणत होता, "दीदी, नीचे फोम है, सब छुप जाएगा." काही छुपत नाही. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवायची, खाली ३ एमएमपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे फळी पाय पडला की खालीवर होणार, आणि महिनोन् महिने खालीवर होऊन शेवटी लॉक तुटणार. म्हणजे तुम्ही २० मिल घ्या नाहीतर ४० मिल घ्या, खालची जमीन सरळ नसेल तर वेअर लेयर झिजायच्या आधीच सांधा सुटलेला असेल. हे मला इतकं पटलंय की आता कोणी फ्लोअरिंगचं विचारलं की मी आधी खालच्या लादीबद्दल विचारते.

चुकलं ते दुसरीकडे. ही फळी जमिनीला चिकटवलेली नसते, सगळी एकमेकींत अडकून नुसती पडून असते, उन्हाने थोडी वाढते, म्हणून चारी भिंतींना ८-१० एमएम जागा सोडायची आणि वर स्कर्टिंग लावून झाकायची. भिंतींना सोडली होती, पण बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या अल्युमिनियमच्या पट्टीला फिटरने फळ्या टेकवून बसवल्या कारण तसं दिसायला साफ दिसतं. हॉल पश्चिमेला आहे. एप्रिल संपता संपता दुपारच्या उन्हात दाराजवळचे दोन सांधे घराच्या छपरासारखे वर आले. मी फोन केला तर आधी म्हणाले तुम्ही पाणी टाकलं असेल. पाण्याचा काय संबंध, एक थेंब गेला नव्हता. चार दिवस रोज फोन केल्यावर एक मुलगा आला, त्याने कडेची रांग काढून १० एमएम कापली, वर पट्टी लावली, आणि संध्याकाळपर्यंत सांधे आपोआप खाली बसले. नंतर काही झालं नाही. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. फिटिंग चालू असताना स्वतः उभं राहा आणि प्रत्येक दाराशी, चौकटीशी, खांबाशी बोट घालून फट बघा. भिंतीतलं कपाट किंवा जड वॉर्डरोब स्क्रूने याच्यावर ठोकून बसवू देऊ नका, एका बाजूला जमीन दाबून धरली की दुसऱ्या बाजूला ती वर येणार. आम्ही आईंच्या खोलीतल्या वॉर्डरोबपर्यंतच आणून थांबवलं. दरवाजे तीन, सुताराकडून खालून घासून घ्यावे लागले, बाथरूमला ग्रॅनाइटचा उंबरा उंच होता म्हणून तिथे प्रश्न आला नाही.

आता वॉटरप्रूफ या शब्दाबद्दल. जुलै २०२४ मध्ये रात्री वॉटर प्युरिफायरची पाइप सुटली आणि सकाळी उठलो तर पॅसेज आणि अर्ध्या हॉलमध्ये पाणी. पुसून घेतलं, फळ्या जशाच्या तशा, एकही फुगली नाही, मी खूश. पाचव्या दिवशी वास यायला लागला. कुबट, ओल्या सतरंजीसारखा. फळी वॉटरप्रूफ असते, पण पाणी स्कर्टिंगच्या फटीतून खाली जातं आणि फळी वॉटरप्रूफ आहे म्हणूनच ते खाली अडकून राहतं, वर यायला वाटच नाही. कडेच्या तीन रांगा उचलल्या तर खाली जुन्या लादीवर पाणी चमकत होतं. पंखा लावून तीन दिवस वाळवलं, लादी पुसून घेतली, आणि त्याच फळ्या परत बसवल्या, एक सोडून सगळ्यांचे लॉक शाबूत. लॅमिनेट असतं तर सगळं फेकावं लागलं असतं, तेव्हा मी याला मार्क देतेच. पण घरात कुठे गळती असेल, बाथरूमच्या भिंतीला ओल असेल, तर ती आधी दुरुस्त करा, ओलीवर हे झाकण टाकू नका.

याच कारणाने किचनमध्ये आम्ही हे टाकलंच नाही. आईंना किचन बादलीने धुतल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही आणि ते त्यांचं घर आहे, त्यांची सवय मी कशाला मोडू. हॉल मात्र आता धुवायचा नाही, फक्त घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचा. मावशींना सुरुवातीला हे विचित्र वाटलं, त्या म्हणाल्या पाणी कमी घातलं तर लादी निघते कशी. मग मीच पंधरा दिवस त्यांच्याबरोबर पुसलं. आधी झाडू नीट, कारण खरी झीज वाळूने होते, मग कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण. अ‍ॅसिड, ब्लीच, फिनेलचा घट्ट हात, वाफेचा मॉप, सगळं बंद. दाराबाहेर एक आणि दाराच्या आत एक असं दोन पायपुसण्यांचं केलंय, मुलं दोन्हींवर पाय घासूनच आत येतात.

त्या आतल्या पायपुसण्यावरून आठवलं, ही चूक तुम्ही करू नका. खाली रबर असलेलं पायपुसणं मी पहिले सहा महिने ठेवलं होतं, उचललं तर खाली पिवळसर चौकोन. घासून जात नाही कारण तो डाग वरून लागलेलाच नसतो, रबरातलं रसायन विनाइलमध्ये उतरतं. आता सुती सतरंजीचं आहे. आईंच्या वॉकरलापण रबराचे बूट आहेत, म्हणून रात्री वॉकर एका जाड कापडावर उभा करतो. प्लास्टिकच्या खुर्च्यांना खाली फेल्टच्या टिकल्या चिकटवल्या, ऑनलाइन मिळतात, दर तीन-चार महिन्यांनी निघतात, परत लावायच्या.

गणपतीत आरतीच्या वेळी जळता कापूर ताटातून खाली पडला. लगेच उचलला तरी अंगठ्याएवढा तपकिरी चट्टा पडलाच. हे शेवटी पीव्हीसी आहे, जळत्या वस्तूपुढे टिकत नाही. तेव्हापासून आरतीच्या जागी पाट मांडून वर मोठं पितळी ताट ठेवतो, समईखालीपण ताटली असते. समईचं तेल सांडलं तर मात्र टिश्यूने पुसलं की विषय संपला, लादीच्या सांध्यांत जसं काळं होऊन बसायचं तसं होत नाही.

फायदा कोणाला झाला विचाराल तर सगळ्यात जास्त आईंना. जानेवारीत पूर्वी सकाळी पाय जमिनीवर टेकवायला नको म्हणायच्या, आता चप्पल न घालता पूजेच्या फुलांसाठी बाल्कनीपर्यंत जातात. वॉकर कुठे अडकत नाही, ओला पाय सरकत नाही, मॅट आहे म्हणून पकड बसते. खालचे काका लिफ्टमध्ये भेटले तेव्हा स्वतःहून म्हणाले, अगं क्लास बंद केलास की काय, आवाज नाही येत. बंद नाही केला, वाढवला आहे. ट्यूशनच्या टेबलाखाली, जिथे रोज पाय घासले जातात, तिथे उजेडाकडे वाकून बघितलं तर बारीक केसासारख्या रेघा दिसतात, उभ्याने दिसत नाहीत. चित्र कुठेही पुसट झालेलं नाही. दाराजवळच्या उन्हाच्या पट्ट्यात रंग किंचित फिका वाटतो, तिथे आता जाड पडदा लावलाय.

पाचपैकी मालाला साडेचार, दुकानाला चार, फिटिंगला दोन.

सोळा बॉक्समधल्या आठ फळ्या उरल्या होत्या त्या दिवाणाखाली आडव्या ठेवल्यात, उभ्या ठेवल्या तर वाकतात. एक त्या पाण्याच्या वेळी लॉक तुटला तिथे गेली. कापराच्या चट्ट्याची फळी भिंतीपासून पाचव्या रांगेत आहे, ती बदलायला चार रांगा उचलाव्या लागतील, ते काम दिवाळीच्या सुट्टीत क्लास बंद असतील तेव्हा काढलंय आणि यावेळी फिटर आला की त्याच्या शेजारीच बसणार आहे.